जमिनीच्या पोटातली खोली!

दोस्तांनो, राळेगावचा मे महिना आठवा बरं! अंगणात अनवाणी पाय ठेवला, की चटकाच! कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. आणि अशा वेळी कुणी म्हणालं, "पायाखाली खोल गारवा आहे," तर?

खरंच आहे! सूर्य तापवतो तो जमिनीचा वरचा थर. काही मीटर खाली गेलं, की वर ऊन आहे की थंडी, मातीला पत्ताच लागत नाही. तिथलं तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच!

माणसाला जमिनीखालच्या जागेचा उपयोग फार पूर्वीच कळला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं, तेव्हा धान्य साठवायचे खड्डे सापडले. किती जुने असतील? ओळखा! तब्बल ३,००० वर्षांपूर्वीचे!

जमिनीखालच्या जागांना आपल्याकडे नावंही किती! घराखालची खोली म्हणजे तळघर. लांबवर वाट काढत जातं ते भुयार. मोठ्या इमारतीखाली गाड्या उभ्या करतात ते बेसमेंट. आणि तळमजला? फसलात ना! तळमजला जमिनीखाली नसतोच. तो तर जमिनीला टेकलेला मजला!

आपल्या शेजारच्या कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलात का कधी? बहुतेक देवळांत पायऱ्या चढून जावं लागतं. इथे मात्र उतरून जायचं! देव जमिनीच्या पातळीखाली बसलाय. समोर कुंड आहे. कधी कधी त्यातलं पाणी चढत चढत मूर्तीच्या पायांशी येतं, असं भाविक सांगतात. जमिनीच्या आतही पाणी असतं ना! ते वर आलं, की खोल जागेत शिरणारच.

आता मात्र माझं सगळ्यात लाडकं नाव ऐका. पेव!

पेव म्हणजे धान्याची जमिनीखालची खोली. दार नाही, खिडकी नाही. वर फक्त माणूस उतरेल एवढं तोंड. आत मात्र ते माठासारखं फुगत जातं. कोरडी, उंचावरची जागा बघून ते खणायचे. भिंती शेणामातीने लिंपायच्या. तळाला आणि कडेला कडबा किंवा तणस लावायचं, म्हणजे मातीची ओल ज्वारीला लागत नाही. मग आत ज्वारी ओतायची. भर, भर, भर! शेवटी तोंडावर दगड ठेवून फटी मातीने पक्क्या बुजवायच्या.

बस्स! आता किडे आले तर?

इथेच तर गंमत आहे! ज्वारीचा दाणा निपचित पडलेला दिसतो ना? तो चक्क श्वास घेतो! हो, अगदी हळूहळू. किडाही श्वास घेतो. वर्गाची दारं-खिडक्या बंद केली आणि सगळी मुलं आत बसली, तर थोड्या वेळात कसं कोंदट वाटतं? तसंच पेवात होतं. पण तिथे बाहेरची हवा येतच नाही. दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवत जातात. कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. आणि किडे गुदमरून मरतात! औषध नाही, फवारणी नाही. धान्य स्वतःच स्वतःची राखण करतं! दोस्तांनो, मला तर ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी नवीच वाटते.

पण हीच हवा माणसालाही घातक! म्हणून पेव उघडलं, की लगेच कुणी आत उतरायचं नाही. ते बराच वेळ उघडं ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला? थांबा! आत प्राणवायू पुरेसा नाही. अर्थात, कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगलीच आहे, असंही नसतं. तेव्हा जुनं पेव किंवा कोरडी विहीर दिसली, तर तुम्ही कधीही आत उतरायचं नाही. अगदी चेंडू पडला तरी नाही! लगेच मोठ्यांना बोलवायचं.

बरं, आपल्या काळ्या वावरात खणलं पेव, तर चालेल? नाही जमणार! उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या वावरात केवढ्या भेगा पडतात, पाहिल्यात ना? काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. अशा मातीत भिंती टिकायच्या कशा? आणि भेगेतून हवा-पाणी आत गेलं, की संपलंच! म्हणून पेवाला घट्ट, कोरडी जमीन लागते.

सांगलीजवळ हरिपूर नावाचं गाव आहे. तिथली पेवं ज्वारीची नाहीत. मग कशाची? हळदीची! पिवळ्याधमक हळदीने भरलेली जमीन, विचार करा! पण २००५ साली कृष्णेला महापूर आला, पाणी पेवांत शिरलं आणि खूप हळद वाया गेली. फार वाईट वाटतं ते ऐकून.

जमिनीखाली जपून ठेवायची युक्ती जगभर चालते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, बर्फाळ डोंगराच्या पोटात, २००८ पासून जगभरातल्या पिकांचं बियाणं ठेवलंय. तिथे तापमान असतं शून्याखाली १८ अंश!

तर आज संध्याकाळी आजी-आजोबांजवळ बसा आणि विचारा, "आपल्या गावात पेव होतं का? कुठे होतं? त्यातल्या ज्वारीच्या भाकरीला वेगळा वास यायचा का?" ते जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. हे सगळं पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत. तेव्हा उद्यावर ढकलू नका, आजच विचारा!