हील्स आधी पुरुषांच्याच!

काल लिफ्टमध्ये एका काकांनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, "हे बायकांचे बूट ना रे?"

मी रोज ऑफिसला हील्स घालतो. मनापासून आवडतात म्हणून.

काका, हील्स आधी पुरुषांच्याच! इराणी घोडेस्वार उंच टाचेचे बूट घालायचे. टाच रिकिबीत पक्की बसली की उभं राहून बाण मारता यायचा. १७व्या शतकात ही फॅशन युरोपात रुजली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा; चित्रकार रिगोने १७०१ मध्ये काढलेल्या त्याच्या चित्रात त्या ठसठशीत दिसतात.

तुम्हालाही हील्स घालून बघायच्या असतील, तर सुरुवात रुंद, बुटक्या टाचेने करा. उंची वाढली की भार चवड्यावर येतो, म्हणून बोटांना ऐसपैस जागा हवी. पावलं छोटी टाका. घरी आल्यावर पोटऱ्या ताणा.

माप, चालणं, काहीही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा!