शुगरच्या पेशंटला स्टेंट की बायपास?

अँजिओग्राफी झाली की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात. ‘तीन नसांत ब्लॉकेज आहेत.’ त्यावर पहिला प्रश्न खर्चाचाच असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर रोखली, तेव्हापासून तो जरा सुसह्य झाला आहे. पण पेशंटला मधुमेह असेल तर खर्चाच्याही आधी विचारायला हवं, की स्टेंटच का?

स्टेंट म्हणजे धातूच्या जाळीची नळी. आजच्या स्टेंटची तार जेमतेम ०.०८ मिलिमीटर जाडीची. फुग्याने फुगवून ती धमनीच्या भिंतीत दाबून बसवतात. धमनीच्या लेखी ही जखमच. ती भरताना स्नायूपेशी वाजवीपेक्षा जास्त वाढल्या, की रस्ता पुन्हा अरुंद होतो. मधुमेहात ही वाढ जोमाने होते, अस्तर नीट धरत नाही आणि प्लेटलेट्स गुठळी करायला टपलेल्याच असतात. म्हणून जाळीवर पेशींची वाढ रोखणारं औषध चढवतात.

कोणतं? पॅक्लिटॅक्सेल हे मूळचं कर्करोगावरचं औषध. ते पेशींवर ज्या मार्गाने काम करतं, त्याचा इन्शुलिनच्या बिघाडाशी संबंध नाही. तेव्हा मधुमेहींना तेच लाभेल, असा तर्क होता. ऐकायला बिनतोड! डॉ. उपेंद्र कौल आणि सहकाऱ्यांनी तो भारतातच तपासून पाहिला. ४६ केंद्रं, १,८३० मधुमेही रुग्ण. काहींना पॅक्लिटॅक्सेलचा स्टेंट, काहींना एव्हरोलिमसचा. निकाल २०१५ मध्ये आला. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीमुळे हार्ट अटॅक किंवा तिच्यावर पुन्हा उपचार, यांपैकी काही ना काही पॅक्लिटॅक्सेल गटात ५.६ टक्के रुग्णांच्या वाट्याला आलं, दुसऱ्या गटात २.९ टक्के. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण २.१ विरुद्ध ०.४ टक्के. तर्क तिथेच संपला.

चांगला स्टेंट मिळाला तरी मूळ अडचण उरतेच. स्टेंट उघडतो ती एक जागा. मधुमेहाने मात्र अख्खी धमनीच खराब केलेली असते. बायपास हा बाह्यवळण रस्ता. त्याचा जोड ब्लॉकेजच्या बराच पुढे असल्यामुळे मागे उद्या नवा अडथळा आला तरी रक्त पोचत राहतं. ‘फ्रीडम’ या २०१२ च्या चाचणीत एकाहून अधिक धमन्यांत ब्लॉकेज असलेले १,९०० मधुमेही होते. पाच वर्षांत स्टेंट गटात १६.३ टक्के दगावले, बायपास गटात १०.९ टक्के. बायपासचीही किंमत होती: पक्षाघात ५.२ टक्क्यांना, स्टेंट गटात २.४ टक्क्यांना. शिवाय तेव्हाचे स्टेंट जुन्या पिढीतले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

हार्ट अटॅक चालू असेल तर या चर्चेला वेळ नसतो. बंद नस ताबडतोब उघडायची. एरवी पेशंट टेबलवर असतानाच ‘लगेच टाकून घेऊ का?’ असं विचारलं गेलं, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन एखाद्या हार्ट सर्जनलाही दाखवावी. दोन दिवसांनी सहसा काही बिघडत नाही.