खंडमेरू आणि क्वांटमचा शोध

क्वांटम संगणनाचे संशोधक समाजमाध्यमांवर जे लिहितात त्यात क्युबिटांच्या बरोबरीने रागसंगीत, बुद्धिबळ, पक्षी आणि प्राचीन व्याकरणे यांचाही मजकूर आढळतो, आणि तो वाचून ही मंडळी आपले नेमून दिलेले काम सोडून भलतीकडे का वळतात, अशी शंका कित्येकांस येते. परंतु इंदुरात राहून या शास्त्राकडे पाहताना मला ही विविधता संशोधनाच्या सरहद्दीबाहेरची कधीच वाटली नाही.

१९८४ साली पायाभरणी झालेल्या येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्रास, जेथे इंडस-२ यंत्राच्या सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी निकट जाऊन फिरतात, राजा रामण्णा यांचे नाव २००५ साली देण्यात आले. अणुशास्त्रज्ञ म्हणून देश ज्यांस ओळखतो ते रामण्णा उत्तम पियानोवादक होते, आणि होमी भाभांशी १९४४ साली म्हैसुरात त्यांची गाठ पडली ती पदार्थविज्ञानामुळे नव्हे, तर लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाच्या परीक्षकांच्या परिचयातून.

तथापि याहून मोलाचा दाखला या शहराच्या गायकीतच आहे. होळकर दरबाराच्या सेवेत असलेले सारंगीवादक शाहमीर खाँ यांनी आपले पुत्र, गायक अमीर खाँ यांच्याकडून मेरुखंडाचा, म्हणजे घेतलेल्या स्वरांचे जितके क्रम संभवतात त्या सर्वांचा, रियाज करून घेतला. चार स्वरांचे असे २४ क्रम होतात आणि सातांचे ५०४०. या विद्येचा ग्रंथाधार तेराव्या शतकातला आणि आपल्याच मुलुखातला आहे : देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त खंडमेरू नावाचे कोष्टक दिले असून, त्याच्या घरांत खडे मांडून एखादा स्वरक्रम यादीत कितवा आहे हे, आणि उलट, कितव्या स्थानी कोणता स्वरक्रम येतो हेही, सगळी यादी न लिहिता काढता येते.

आता हीच ५०४० क्रमांची यादी कोणीतरी पूर्णपणे विस्कटून ठेवली आहे आणि तीतून एक विवक्षित क्रम शोधावयाचा आहे, असे मानू. साध्या संगणकास सरासरी अडीच हजारांवर नोंदी तपासाव्या लागतील. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ साली मांडलेल्या क्वांटम रीतीत मात्र सर्व पर्याय एकाच अवस्थेत अध्यारोपित करतात. प्रत्येक फेरीत इष्ट पर्यायाच्या आयामाचे, म्हणजे ज्याच्या वर्गावरून तो पर्याय मोजमापात मिळण्याची शक्यता ठरते त्या संख्येचे, चिन्ह उलटवून, मग सर्व आयामांचे त्यांच्या सरासरीभोवती परावर्तन करतात, त्यामुळे इष्टाचा आयाम वाढत जातो व इतरांचे क्षीण होतात, आणि सुमारे ५५ फेऱ्यांनंतर मोजमाप केल्यास हवे ते उत्तर जवळजवळ खात्रीने हाती येते. सर्व उत्तरे एकदम तपासणारे यंत्र असे जे क्वांटम संगणकाचे वर्णन सर्रास केले जाते ते म्हणूनच अपुरे आहे. मोजमापात उत्तर एकच मिळते, आणि ते योग्य निघावे यासाठी आयामांची ही वजाबाकी-बेरीज, म्हणजे व्यतिकरण, घडवून आणावे लागते.

पण यादी विस्कटलेली नसून तिला शार्ङ्गदेवांचा क्रम असेल, तर ग्रोव्हरांच्या ५५ फेऱ्याही अनावश्यक ठरतात. काही खडे पुरतात. या शास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्न यंत्राच्या बळाचा नसून समोरच्या प्रश्नात कोणती रचना दडली आहे हे ओळखण्याचा आहे, असे माझे मत आहे, आणि ती ओळखणारी दृष्टी भौतिकीच्या ग्रंथांतूनच येईल असा नियम नाही. पीटर शोर यांनी १९९४ साली संख्यांच्या अवयवांची जी क्वांटम रीत शोधली तिचे सारे सामर्थ्य एका गुप्त आवर्तनाच्या ओळखीतच आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अपूर्व पटेल यांचे कुतूहल असेच जीवशास्त्राकडे वळले. ग्रोव्हर यांच्या सूत्राप्रमाणे एका प्रश्नात नेमक्या चार वस्तूंतून, आणि तीन प्रश्नांत सुमारे वीस वस्तूंतून निवड करता येते, आणि डीएनएची मूलाक्षरे चार, तीन-तीन अक्षरांच्या संकेतांनी निवडली जाणारी अमिनो आम्ले वीस, हे साम्य त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे मांडले. पेशीच्या उबदार व ओलसर गर्दीत क्वांटम अवस्था इतका वेळ टिकते काय, हा त्यावरील मुख्य आक्षेप असून त्याचा निर्णय प्रयोगानेच व्हावयाचा आहे.