धरणीच्या लाटा

'लाट' म्हटले की कोकणच्या किंवा मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. आम्हां खानदेशी मंडळींचे तसे होत नाही. आमच्या ओळखीच्या लाटा दोनच: एक वैशाखातली उष्णतेची, आणि दुसरी पावसाळ्यात तापीला येणाऱ्या पुराची. पण तिसरीही एक लाट आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, पायांखालच्या जमिनीतून धावते आणि क्षणात घर पाडून जाते. त्या लाटेविषयी, आणि ती मोजतात कशी याविषयी, आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी मराठीचा प्राध्यापक, पदार्थविज्ञानाचा नव्हे. परंतु ज्या विषयावर आपल्या घराचे छप्पर अवलंबून आहे, तो निव्वळ शास्त्रज्ञांवर सोपवून कसे चालेल?

१४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची प्रत सव्वासहाच्या आसपास होती. माझी आजी त्या वेळी नरडाण्याच्या बाजूला सासरी होती. तिला तारीख ठाऊक नव्हती. "होळी दोन दिवसांवर आली होती, तेव्हाचा धरणीकंप" अशी तिची कालगणना. ती सांगे, "आधी जात्यासारखी घरघर ऐकू आली. फडताळातली भांडी किणकिणली. काय झाले म्हणून पाहते, तोच भिंती हेलकावल्या." आधी घरघर, मग हेलकावा हा क्रम तिने कधी चुकवला नाही. ती शाळेत गेलेली नव्हती; पण तिच्या या दोन वाक्यांत भूकंपशास्त्राचा पहिला धडा सामावलेला आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

मालगाडी आणि दोर

नरडाणा हे सुरत–भुसावळ मार्गावरचे स्टेशन. तिथल्या फलाटावर उभे राहिले की लाटेचे सारे गणित फुकट शिकायला मिळते. समोरून मालगाडी जात आहे. एकेक डबा दहा मीटर लांब धरू. सेकंदाला दोन डबे पुढून सरकत असतील, तर गाडीचा वेग सेकंदाला वीस मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. लाटेचेही असेच. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर ही तरंगलांबी. एका सेकंदात किती लाटा पुढून जातात ती वारंवारता. आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे वेग. एक लाट जायला लागणारा वेळ तो आवर्तकाल, आणि मूळच्या जागेपासून कण जास्तीत जास्त जितका हलतो तो आयाम.

मात्र गाडी आणि लाट यांत एक मोठा भेद आहे. गाडीबरोबर माल जातो. लाटेबरोबर माल जात नाही, नुसती हालचाल जाते. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा वाहतो तेव्हा लाट बांधापर्यंत पोचते, पण एकही ताट आपली जागा सोडीत नाही. जमिनीतल्या लाटेचेही तेच.

आता तीच मालगाडी उभी आहे आणि इंजिनाने हिसका दिला. तो हिसका खड् खड् खड् करीत एका डब्यातून दुसऱ्यात, थेट शेवटच्या डब्यापर्यंत जातो. प्रत्येक डबा पुढेमागेच हलतो, म्हणजे लाट ज्या दिशेने जाते त्याच दिशेने. ही झाली दाबाची लाट. याउलट विहिरीवरच्या दोराचे एक टोक खांबाला बांधून दुसरे टोक झटकले, तर दोरात आडवा नाग पळतो. येथे दोर हलतो आडवा, लाट जाते पुढे. भूकंपात या दोन्ही जातीच्या लाटा एकाच वेळी निघतात. पहिलीला प्राथमिक, दुसरीला दुय्यम म्हणतात. वरच्या कवचातल्या खडकात पहिली सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते, दुसरी सुमारे साडेतीन. आजीची घरघर ही पहिली लाट होती. हेलकावा ही दुसरी.

या लाटा कागदावर वेगवेगळ्या ओळखल्या त्या भारतातल्या भूकंपाच्या निमित्ताने, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. दूर युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या रेघा पाहून १९०० साली त्यांनी दाखवून दिले की, या रेघांत तीन प्रकारच्या लाटा एकामागून एक आलेल्या आहेत: प्राथमिक, दुय्यम, आणि शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या. त्याच सुमारास मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत मिल्न यांच्या बनावटीचे भूकंपमापक यंत्र बसले.

सेकंद मोजणारे यंत्र

या यंत्राचे मर्म साधे आहे. जड वजन टांगून ठेवावे. जमीन एकाएकी हलली तरी ते जडपणामुळे क्षणभर जागच्या जागी राहते. वजनाला लेखणी जोडली आणि खाली कागद फिरता ठेवला, की जमिनीची हालचाल कागदावर उमटते. आजची यंत्रे विजेवर चालतात, पण मूळ तत्त्व तेच.

एवढ्या रेघेवरून भूकंप कोठे झाला हे कसे कळते? दिवाळीत हे प्रत्येक मुलाने करून पाहावे. दूरवर बाण फुटला की उजेड तत्काळ दिसतो, आवाज मागून येतो. मधले सेकंद मोजावे. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. दोन धावणारे एकदम निघाले, तर त्यांच्या पोचण्यातले अंतर हे धावेचे माप असते. प्राथमिक लाट ८४ किलोमीटर अंतर १४ सेकंदांत कापते, दुय्यम २४ सेकंदांत. मध्ये दहा सेकंद. म्हणजे मधल्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरावे. अशा तीन ठिकाणांहून अंतरे मिळाली की नकाशावर तीन वर्तुळे काढावीत. ती जिथे भेटतात ते भूकंपाचे ठिकाण. आणि हेच मधले सेकंद धोक्याची घंटा वाजवायलाही उपयोगी पडतात. जपानमध्ये २००७ सालापासून पहिल्या लाटेवरून जनतेला इशारा दिला जाऊ लागला.

प्रतीविषयी मात्र एक सावधगिरी हवी. पाचापेक्षा सहाची प्रत 'थोडी जास्त' असे वाटते. वास्तविक एका अंकाने लाटेचा आयाम दसपट होतो आणि मोकळी होणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट.

धाब्यावरची माती

१९३८ च्या त्या भूकंपाचा उगम जमिनीखाली सुमारे ४० किलोमीटर खोल होता, असे अभ्यासकांनी मांडले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला झालेला भूकंपही प्रतीने जवळपास तेवढाच. पण तो अगदी उथळ. लाटा पसरून विरळ होण्याआधीच घरांवर आदळल्या आणि हजारो माणसे झोपेतच गेली. माणसे मारली ती भूकंपापेक्षा घरांनी: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे माळवद. आडवी लाट भिंत आडवी ढकलते; वर जितके ओझे, तितका धक्का मोठा.

मराठवाड्याचे माळवद तेच आमचे धाबे. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यासारखे सुख नाही. पण दर काही वर्षांनी गळती थांबवायला त्यावर नवी माती पडते, आणि जुनी कोणी काढत नाही. चार मीटर बाय पाच मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर माती साचली, तर ती दहा घनमीटर होते. वजन सोळा टनांच्या घरात!

आमच्या जुन्या घराचे धाबे असेच होते. मी हा हिशेब काकांपुढे मांडला, तर ते म्हणाले, "अरे, हे तुझ्या पणजोबांच्या वेळचे. अडतीस सालीही हलले नाही."

"काका, तेव्हा नसेल हलले. पण तेव्हापासून त्यावर किती थर चढले, ते तुम्हीच सांगा."

काका बराच वेळ गप्प राहिले. त्या वैशाखात एका खोलीवरची निम्मी माती उतरली. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या भरल्या. वर पातळ चिकणमातीचा थर देऊन गळती थांबवली. घर पूर्वीइतके थंड राहिले नाही, हे कबूल. पण काका आता त्याच खोलीत झोपतात.

शहरातल्या वाचकांनी यावर निर्धास्त होऊ नये. प्रत्येक इमारतीला स्वतःचा झोका असतो. बैठ्या घराचा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाचा, दहा मजल्यांचा साधारण सेकंदाचा. लाटेचा आवर्तकाल त्या झोक्याशी जुळला, की पाळण्याला वेळेवर धक्के दिल्यासारखे होते. लांबच्या भूकंपातून येणाऱ्या लाटा संथ असतात. वीस सेकंद आवर्तकालाची पृष्ठलाट सेकंदाला साडेतीन किलोमीटर धावली, तर तिची लांबी ७० किलोमीटर, म्हणजे नरडाण्याहून धुळ्याला जाऊन परत यावे इतकी! अशा संथ लाटा सहज विरत नाहीत. नदीच्या गाळाच्या जमिनीत तर हेलकावे वाढतात. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, त्या उगीच नव्हे.

२००२ च्या भारतीय मानकाच्या नकाशात तापी-नर्मदेचा पट्टा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात दाखवला होता. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. भूकंप केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण आला तर घर कसे वागेल, हे पुष्कळसे सांगता येते. गावाकडच्या घरावर माती किती आहे, भिंतींत आरपार जाणारे दगड आहेत का, दारे-खिडक्यांच्या वर भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा आहे का. आणि शहरातल्या इमारतीत तळमजला मोटारींसाठी नुसत्या खांबांवर तर उभा नाही ना, एवढे चार प्रश्न विचारायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. दिवाळीला घरोघरी साफसफाई होते, भिंतींना रंग लागतो. त्या निमित्ताने शिडी लागलेलीच असते. एकदा वर चढून छप्परही पाहून घ्यावे.