हरल्यावर हसायचे कुणी? ऑस्कर, वर्ण आणि 'मेरिट'

12 मार्च 2023. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर होत होता. पडद्यावर नेहमीप्रमाणे पाच चौकटी, पाच चेहरे. नाव पुकारले गेले जेमी ली कर्टिस यांचे. टाळ्यांचा कडकडाट झाला. अँजेला बॅसेट मात्र तशाच बसून राहिल्या. ना टाळी, ना हसू. काही सेकंदांचे ते दृश्य समाजमाध्यमांवर फिरले आणि अनेकांनी निकाल देऊन टाकला : या बाईला हरणे जमत नाही.

आता 2004 चा सोहळा पाहा. बिल मरे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या स्पर्धेत होते. पुरस्कार शॉन पेन यांना गेला. मरे यांचा पडलेला चेहरा सगळ्यांनी पाहिला. सूत्रसंचालक बिली क्रिस्टल यांनी मंचावरूनच त्यांना 'जाऊ नका, आमचे प्रेम आहे तुमच्यावर' अशा अर्थाचे म्हणत चुचकारले आणि सभागृह हसले. दोन प्रसंगांवरून सिद्धांत मांडू नये, हे खरेच. पण 'चिडकी काळी बाई' हा अमेरिकेतला जुना साचा आहे. कृष्णवर्णीय स्त्री गप्प बसली तरी तिचा राग दिसतो. गोऱ्या पुरुषाची निराशा माणसाची निराशा ठरते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 च्या पुस्तकात विमानातील सेविकांचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' ही संकल्पना मांडली : पगारासाठी हसू चेहऱ्यावर ठेवणे हेही कामच. ऑस्करच्या त्या चौकटीत हेच काम मागितले जाते. सगळ्यांकडून मागितले जाते, पण ते टाळण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही.

'पण पुरस्कार मेरिटवर मिळतो ना?' हा प्रश्न आपल्याला नवा नाही. प्रवेशाची यादी लागली की आपण तो ऐकतोच. तिथे निदान गुणांचा कागद असतो. ऑस्करमध्ये तोही नसतो. अभिनय शाखेचे सदस्य नामांकने ठरवतात, अंतिम मत अकादमीच्या सर्व शाखांचे सदस्य देतात, आणि सर्वाधिक मते मिळतील तो विजेता. मतांचे आकडे जाहीर होत नाहीत. मत देण्याआधी त्या गटातले सगळे चित्रपट पाहिलेच पाहिजेत, ही सक्ती सर्व गटांना लागू झाली ती थेट 2026 च्या सोहळ्यापासून! तोवर न पाहता दिलेले मतही 'मेरिट'मध्येच मोजले जात होते.

मत देणारे कोण? 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने 2012 मध्ये शोध घेतला तेव्हा सुमारे 94 टक्के सदस्य गोरे आणि 77 टक्के पुरुष निघाले. कृष्णवर्णीय सुमारे 2 टक्के. 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे अभिनयाची वीसच्या वीस नामांकने गोऱ्या कलाकारांना गेली. एप्रिल रेन यांनी 2015 मध्ये 'ऑस्कर्स सो व्हाइट' हा हॅशटॅग सुरू केला, तो यावरूनच. त्यानंतर अकादमीने स्त्रिया आणि अल्पसंख्याक सदस्यांची संख्या 2020 पर्यंत दुप्पट करण्याचे ठरवले. म्हणजे मतदार बदलले पाहिजेत, हे संस्थेनेच मान्य केले.

कर्टिस लायक नव्हत्या, असे माझे म्हणणे नाही. त्यांना त्याआधी अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला होता, बॅसेट यांना गोल्डन ग्लोब. दोघींचा जन्म 1958 चा. कर्टिस यांचे आईवडील, जॅनेट ली आणि टोनी कर्टिस, दोघेही ऑस्करचे नामांकन मिळालेले तारे. बॅसेट यांना फ्लोरिडातल्या सरकारी वसाहतीत एकट्या आईने वाढवले. त्या येल विद्यापीठात नाट्यशिक्षण घेऊन आल्या. 1994 मध्येही त्यांना नामांकन होते, तेव्हाही पुरस्कार हुकला. 2023 चे नामांकन 'ब्लॅक पँथर : वकांडा फॉरेव्हर'साठी. (दलित पँथरला नाव देणारी संघटना वेगळी, हा कॉमिक्समधला नायक वेगळा.)

आणि जिंकल्यावर तरी काय? 1940 मध्ये हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या, भूमिका मोलकरणीची. सोहळ्याच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. खास परवानगी काढून त्यांना आत घेतले आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवले. भाषणात त्यांनी आपण आपल्या वंशाला भूषण ठरू, अशी आशा व्यक्त केली. गोऱ्या विजेत्याला आपल्या वंशाचा हिशेब द्यावा लागत नाही. सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, मिळायला 1991 उजाडले. प्रमुख अभिनेत्रीचा हॅली बेरी यांना 2002 मध्ये. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्या एकट्याच राहिल्या.

बॅसेट यांनी पुढे एका मुलाखतीत त्या रात्रीबद्दल माफी मागितली नाही. आपण पात्र आहोत असे वाटत असताना निराश होण्याची मुभाही आपल्याला नसावी, याचे आश्चर्य वाटते, अशा आशयाचे त्या बोलल्या. जानेवारी 2024 मध्ये अकादमीने त्यांना मानद ऑस्कर दिला. तो संचालक मंडळ ठरवते. त्यात नामांकने नसतात आणि त्या पाच चौकटीही नसतात.