जुन्या पिकअप गाडीच्या तेलगळतीचा शोध

अंबिया बहाराची संत्री तोडणीस आली म्हणजे काटोल, नरखेड व कळमेश्वर या भागांतील रस्ते पहाटेपासूनच गजबजू लागतात. काटोलहून नागपूर सुमारे 60 किलोमीटर. तेवढे अंतर कापून लिलावापूर्वी कळमना बाजारात माल पोहोचविणे हे बागायतदाराच्या वर्षभराच्या श्रमाचे शेवटचे पाऊल असते. वाटेत गाडी बंद पडली, तर फळ सुकते आणि भावही हातचा जातो.

ही वाहतूक करणाऱ्या पिकअप गाड्यांपैकी अनेक जुन्या असतात. गाडी हलविल्यावर अंगणात काळा डाग दिसला, तरी ‘जुनी गाडी, थोडे गळणारच’ असे म्हणून मालक स्वस्थ बसतो. याउलट कित्येक वेळा डाग पाहताच इंजिन उतरविण्याचा सल्ला दिला जातो आणि हंगामाच्या तोंडावर मोठा खर्च अंगावर येतो. पुष्कळदा दोष एका लहानशा वायसरचा वा पॅकिंगचा असतो. तो कोठे आहे हे हुडकून काढण्यास मात्र थोडा धीर लागतो.

प्रथम गळणारा पदार्थ कोणता हे निश्चित करावे. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंथरून पुढच्या चाकांच्या जागा त्यावर खुणेने दाखवाव्यात. डिझेल इंजिनाचे वापरलेले तेल काळे व बुळबुळीत असते. गिअरचे तेल अधिक दाट असून त्याला उग्र वास येतो, तर रेडिएटरचे पाणी रंगीत असून बोटास तेलकट लागत नाही. डाग मुळीच नसूनही तेल कमी होत असेल आणि धुराड्यातून निळसर धूर निघत असेल, तर तेल जळत आहे असे समजावे. तो रोग निराळा. डिपस्टिकवरील पातळी मात्र सपाट जागी, थंड इंजिनावरच पाहावी. पातळी वाढलेली दिसल्यास तर अधिकच सावध व्हावे, कारण तेलात पाणी किंवा डिझेल मिसळत असण्याचा तो संभव होय.

शोधातील खरे काम म्हणजे इंजिन धुणे. वर्षानुवर्षांची धूळ व तेल यांच्या थराखाली गळतीचे मूळ दिसणे शक्य नसते. इंजिन पूर्ण थंड असताना डिझेलच्या फडक्याने व ब्रशाने ते घासावे, नंतर साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. विजेच्या जोडण्या व हवेचा फिल्टर यांत पाणी जाऊ देऊ नये. कोरड्या भागावर खडूची बारीक भुकटी लावून गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावी. इंजिन बंद करून बॅटरीच्या प्रकाशात पाहिले असता पांढऱ्या भुकटीवर तेलाची रेघ उमटलेली दिसते.

तेल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या व समोरच्या वाऱ्याने मागे फेकले जाते. म्हणून थेंब जेथे पडतो तेथे दोष नसतो. ओलाव्याचे सर्वांत उंच व सर्वांत पुढचे ठिकाण हाच त्याचा उगम होय. इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडू लागले की क्रँकचे मागचे ऑइल सील गेले असा निष्कर्ष काढण्यात येतो. ते सील बदलावयाचे म्हणजे गिअरबॉक्स उतरविणे आलेच. परंतु टॅपेट कव्हरच्या मागील कोपऱ्यातून पाझरणारे तेलही इंजिनाच्या पाठीवरून उतरून नेमके त्याच सांध्यातून टपकते. तेथे हात सहसा पोहोचत नाही. लहान आरसा आत धरून पाहिल्यास गिअरबॉक्स उतरविण्याचा खर्च टळू शकतो.

तेलाच्या दाबाचा स्विच, फिल्टरची रबरी कडी, चेंबरच्या बुचाचा वायसर ही नेहमीची ठिकाणे होत. फिल्टर बदलताना जुनी कडी इंजिनास चिकटून राहिली व नवी तिच्यावर बसली, तर तेल जोराने बाहेर पडते. ज्या डिझेल गाड्यांत ब्रेकसाठीचा व्हॅक्यूम पंप डायनामोला जोडलेला असतो, तेथील तेलाच्या नळ्याही हाताने चाचपाव्यात. रबर कडक होऊन भेगाळते.

नवे सील बसवूनही गळती थांबत नसेल, तर ब्रीदर नळी तपासावी. इंजिनाच्या पोटात साठणारी हवा या नळीवाटे बाहेर पडते. ती काजळीने, किंवा उघडे तोंड असल्यास कुंभारीण माशीच्या मातीच्या घरट्यानेही, तुंबली की आतील दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. नळी स्वच्छ असूनही तेल भरण्याच्या तोंडातून जोराचा धूर फुसफुसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात. तेव्हा मात्र जाणत्या मिस्त्रीस दाखविणे प्राप्त आहे.

गळती दिसताच पाना घेऊन नट आवळत सुटणे अनिष्ट होय. बुचाचे पॅकिंग अधिक दाबले गेल्यास चिरडते, पत्र्याची कड वाकते आणि गळती वाढते. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत.

तेलाच्या दाबाचा लाल दिवा चालताना लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाण्याचा मोह न धरता गाडी तेथेच बंद करावी. तेलाविना इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते. तापलेल्या धुराड्याच्या नळीवर तेल ठिबकत असल्यास आगीचे भय असते, आणि फळांखाली पसरलेले तणस गाडीतच असते, हे ध्यानी ठेवावे.

दुरुस्तीनंतर वहीत किलोमीटर व वरून घातलेले तेल यांची नोंद ठेवावी आणि पुढील दोन-तीन फेऱ्यांनंतर पुठ्ठा पुन्हा अंथरावा. काढलेले काळे तेल विहिरीजवळ अगर नाल्यात ओतू नये, जनावरांच्या जखमेवर तर मुळीच लावू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोहोचेल अशा गॅरेजमध्ये द्यावे.