जुनी इलेक्ट्रिक कार घेताय? आधी बॅटरी आणि घरची वीजजोडणी तपासा

पेडणे किंवा डिचोलीहून नोकरीसाठी पणजीला रोज ये-जा करणाऱ्याचा प्रवास साधारण ६० किलोमीटरचा होतो. पेट्रोलचा खर्च पाहता जुन्या इलेक्ट्रिक कारकडे नजर वळणे साहजिक आहे. टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. त्या काळातील गाड्या आता पुनर्विक्रीसाठी उपलब्ध आहेत. मात्र पेट्रोल गाडीचे इंजिन पाहावे, तशी येथे बॅटरी आणि स्वतःच्या घरची वीजजोडणी पाहावी लागते. या दोन्हींकडे दुर्लक्ष झाल्यास स्वस्तात घेतलेली गाडी महागात पडू शकते.

बॅटरी किती उरली?

सुरुवातीच्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिट क्षमतेची होती. प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर असला, तरी प्रत्यक्षात सुमारे २०० किलोमीटरचाच हिशेब धरणे शहाणपणाचे. वापराने क्षमता ८५ टक्क्यांवर आली असेल, तर हाच पल्ला १७० किलोमीटरवर येतो. रोजच्या ६० किलोमीटरसाठी तो पुरेसा आहे. म्हणून क्षमता घटली एवढ्यावरून गाडी नाकारण्याचे कारण नाही. ती किती घटली, हे सौदा ठरण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रातील तपासणी अहवालावरून कळले पाहिजे.

या मॉडेलच्या बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत आहे. म्हणजे २०२० च्या गाडीची हमी २०२८ मध्ये संपते. काही नव्या मॉडेलांची ‘आजीवन’ हमी केवळ पहिल्या मालकापुरती असते. हमी आपल्या नावे चालू राहील का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

घरचा सॉकेट

गावात सार्वजनिक चार्जिंग केंद्र हा आधार मानता येत नाही. गाडी रात्री घरीच चार्ज करावी लागते. १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज मिळते. ६० किलोमीटरसाठी नऊ-दहा युनिट लागतात, म्हणजे चार तास पुरतात. रात्री वीज गेली, तरी सहसा पहाटेपर्यंत काम होते.

मात्र जुन्या घरांतील वायरिंग सलग काही तास हा भार सोसेलच असे नाही. चार्जरसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, एमसीबी आणि चांगले अर्थिंग आवश्यक आहे. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते आणि चार्जर गाडी चार्ज करण्यास नकार देतो. परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. मंजूर भार अपुरा असल्यास वीज खात्याकडे वाढीचा अर्ज करावा.

पुराचे पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे, चांदेल आणि डिचोलीतील साळ या गावांत पूर आला होता. बॅटरीची पेटी जलरोधक असली, तरी खालून आपटलेल्या किंवा बराच काळ पाण्यात राहिलेल्या गाडीबाबत ती खात्री उरत नाही. गाडी उचलून तळ पाहावा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागावा.

कागदपत्रे आणि कर

मालकी हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असल्यास फॉर्म ३५, तर सिंधुदुर्गासारख्या परराज्यातील नोंदणी असल्यास ना हरकत दाखलाही लागतो. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील निर्णयानुसार जुन्या ईव्हीवरील १८ टक्के कर नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नव्हे. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला तो लागू नाही.

शेवटची चाचणी मात्र रस्त्यावरचीच. गाडी पूर्ण चार्ज करून, वातानुकूलन चालू ठेवून घरापासून पणजीपर्यंत जाऊन यावे. वर उल्लेखलेल्या गाडीत सुमारे ३५ टक्के चार्ज खर्च झाला, तर बॅटरी ठीक आहे. निम्मा संपला, तर पल्ला १२० किलोमीटरच उरला आहे, हे ओळखून किंमत ठरवावी किंवा सौदा सोडून द्यावा.